उरेल ते अंगण

बिल्डरला रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. रविवारचा सकाळचा चहा झाला, कप विसळून पालथे पडले, तरी घरात एकमत एवढ्यावरच होतं की नव्या घराला अंगण हवं. केवढं हवं, यावर आप्पा, त्यांचे दोन मुलगे आणि थोरली-धाकटी सुना अशा पाच माणसांची सहा मतं होती, कारण धाकटा एकटाच दोन मतं बाळगून होता. सहावं माणूस म्हणजे आत्या. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि आपल्याला विचारलं नाही हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. सवयीचा भाग असतो.

प्लॉट ठरलेला होता. त्या वसाहतीत वर मजला चढवायला परवानगी नव्हती. म्हणजे गोष्ट सरळ होती, अंगण जेवढं मोठं, घर तेवढं लहान. बिल्डर गोडबोल्या माणूस. तो आप्पांना म्हणाला होता, तुम्ही फक्त अंगण केवढं सोडायचं ते सांगा, उरलेल्या जागेत घर बसवून देणं माझ्याकडे लागलं. हे ऐकून सगळे खूश झाले होते. आधी अंगण ठरवायचं आणि माणसं मग उरेल तिथे कोंबायची, हा क्रम उलटा आहे असं त्या घरात एकालाही वाटलं नाही. उलट केवढा समजूतदार माणूस भेटला, असं म्हणून थोरल्याने त्याला गाडीपर्यंत सोडलं होतं.

घर घ्यायचं ठरलं ते वादळाच्या रात्री. मंडपाच्या धंद्याचं गोदाम हेच त्यांचं घर, त्याचं छप्पर एका कोपऱ्यातून उचकटलं, वरच्या खोल्यांत पाणी शिरलं आणि सगळं बिऱ्हाड खाली मंडपाच्या सामानात जीव मुठीत धरून बसलं, तेव्हा आप्पांनी शब्द दिला होता की आता पुरे, आता स्वतःचं घर. थोरल्याला आणि धाकट्याला एकेक खोली, थोरलीला मोठं स्वयंपाकघर, स्वतः आप्पांना बैठकीत एक कॉट. आणि आत्याला स्वतःची खोली. आतून कडी लावता येईल अशी, असं आप्पा मुद्दाम म्हणाले होते. ती ओली चादर पिळत होती, तिने मान वर करून पाहिलं होतं आणि पुन्हा पिळायला लागली होती.

आत्या ही आप्पांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही, का केलं नाही ते विचारायची वेळही कधीच टळून गेली. मंडपाच्या धंद्यातलं सगळं कापड तिच्या हातून शिवून निघालेलं. झोपायची ती गोदामाच्या माळ्यावर, घडी घालून रचलेल्या कनातींवर. एरवी ते अंथरूण चांगलं जाडजूड असे. पण हंगाम सुरू झाला की कनाती भाड्याने जायच्या आणि आत्याचं अंथरूण पातळ होत होत शेवटी नुसत्या फळ्या उरायच्या. धंदा तेजीत आहे की मंदीत, हे थोरल्याच्या आधी आत्याच्या पाठीला कळायचं. माळ्याला दार नव्हतं, शिडी होती, आणि शिडीवरून कुणीही केव्हाही दोरखंड शोधायला वर यायचं.

बिल्डरने दिलेला नकाशा सकाळपासून चटईवर पसरलेला होता. पण या घराचा कागदावर कधी विश्वास बसलेला नाही. जागा नुसती डोळ्याने बघून किती माणसं बसतील ते सांगणारी ही माणसं, त्यांना ती निळी रेघ आणि तो बाण काय कळणार. धाकटी तेवढी शिकलेली, शाळेत शिकवणारी. तिने पट्टी लावून समजावून सांगायला सुरुवात केली आणि आप्पांना डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा ते म्हणाले, "उभं करू."

"काय उभं करू?" धाकटीने विचारलं.

"घर."

गोदामाच्या मागे कापड वाळवायची मोकळी जागा होती. कामगारांना सुट्टी होती, त्यामुळे घरच्यांनीच बांबू काढले. आप्पा खुर्ची टाकून मधोमध बसले आणि हातातल्या काठीने ओरडायचं काम करू लागले. थोरल्याने प्लॉटच्या मापाने चुना टाकला, धाकट्याने दोर ताणले, सुनांनी कनाती लावल्या. बैठकीला लाल-पिवळ्या पट्ट्यांची, दोन्ही जोडप्यांच्या खोल्यांना पांढरी, स्वयंपाकघराला ती हिरवी, जिला कधीतरी एका आचाऱ्याने भोक पाडून दिलं होतं. आत्याच्या खोलीला निळी. दुपारच्या आत अख्खं घर उभं राहिलं, खऱ्या मापाचं, फक्त छप्पर नाही आणि भिंती कापडाच्या. माणूस आपल्या धंद्याच्या पलीकडे फार लांब जात नाही, हेच खरं.

आत्याला सांगण्यात आलं की तू तुझ्या खोलीत जाऊन बस, म्हणजे पुरते की नाही ते कळेल. ती स्टूल घेऊन गेली, मग हाताने फिरवायचं शिलाई मशीन घेऊन गेली, मग माळ्यावरची ट्रंक घेऊन गेली. पलंगाच्या जागी तिने एक सतरंजी अंथरली. सगळं ठेवूनही मध्ये चालायला जागा उरली. तिने मुद्दाम चालून पाहिलं, इकडून तिकडे. मग तिने एका कनातीला डोक्याच्या उंचीवर चौकोनी चीर पाडली आणि खिडकीची कड दुमडून शिवायला बसली. चांगलं कापड फाडल्याबद्दल एरवी ती स्वतःच सगळ्यांना फाडून खायची. आज तिला त्याचं काही वाटलं नाही. ती फार खूश होती, आणि आपण खूश आहोत हे कुणी बघत नाहीये याचाही तिला आनंद झाला.

बाहेर आप्पा अंगणात जाऊन उभे राहिले. चुन्याच्या रेघेपासून कापडी दरवाजापर्यंत त्यांनी पाहिलं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या अंगणात मंडप घातले होते. गाडी मागच्या फाटकाने आणा, झाडाला दोर बांधू नका, हिरवळीवर खुंट ठोकू नका, काम झालं की लगेच निघा. लोकांच्या अंगणात त्यांना कुणी कधी बस म्हटलं नव्हतं. आपलं अंगण असेल तर त्यात एक मोठा मंडप उभा राहील एवढं तरी असावं, ही एकच हौस म्हाताऱ्याच्या मनात कित्येक वर्षं होती, आणि ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. आताही सांगितली नाही. तो एवढंच म्हणाला की छोटं वाटतंय.

तेवढं एक वाक्य पुरलं. थोरला म्हणाला, मी कधीचा तेच म्हणतोय. आणि बोलून थांबायचं सोडून त्याने गोदामातला टेंपो सुरू करून थेट अंगणात आणून उभा केला. टेंपो आला, पण त्याचं तोंड आत आणि शेपूट चुन्याच्या रेघेबाहेर, म्हणजे रस्त्यावर. हा टेंपो रस्त्यावर उभा करायचा म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यावर हात पुसायचे, आणि एवढं घर घेऊन लोकांना टेंपो अंगणात उभा दिसणार नसेल तर उपयोग काय, असा त्याचा मुद्दा होता. अंगणाला लागून कोणती खोली आहे ते सगळ्यांनी पाहिलं. आत्याची. ती तिथे ठेवली होती कारण तिला मोकळं वाटावं, असं थोरल्यानेच नकाशा ठरवताना बिल्डरला सांगितलं होतं.

"आत्या, जरा सरकतेस का?" तो म्हणाला.

आत्याने स्टूल उचललं. दोघा भावांनी बांबू उपटून दोन पावलं आत रोवले. ट्रंक सतरंजीवर आली.

मग धाकट्याचं पहिलं मत पुढे आलं. धंदा सांभाळून तो एका ऑफिसातही जायचा, तिथल्या साहेबांच्या घरी हिरवळ होती आणि हिरवळीवर झोपाळा होता, आणि साहेब रविवारी त्या झोपाळ्यात बसून फोनवर इतरांना कामं सांगायचे. धाकट्याने आजवर एका कुंडीला पाणी घातलेलं नव्हतं, पण हिरवळीबद्दल तो असा बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, गवत वाढवल्याबद्दल याला कुणी लहानपणी बक्षीस दिलं असेल. झोपाळ्याला पुढे-मागे जायला जागा लागते, असं त्याने खुर्चीवर बसून हलवून दाखवलं. आत्या, जरा सरकतेस का. बांबू पुन्हा हलले. आता सतरंजी दुमडावी लागली.

त्याचं दुसरं मत असं होतं की अंगण नावापुरतंच ठेवावं, बाकी जागेत आणखी एक खोली हवी. पण ते मत धाकटीचं होतं आणि ती जवळ उभी असली की तो ते मांडायचा. धाकटीला वह्या तपासायला निवांत जागा हवी होती. ती म्हणाली की आपण जरा आत जाऊन बोलू या, आणि नवऱ्याला हाताला धरून त्यांच्या पांढऱ्या खोलीत घेऊन गेली. ते पाहून थोरल्याने थोरलीला खूण केली आणि ती दोघं हिरव्या स्वयंपाकघरात शिरली. दोघांनीही आत गेल्यावर कापडी पडदा नीट ओढून घेतला.

आता हे सगळे मंडपवाले. गिऱ्हाइकांच्या घरची भांडणं, देण्याघेण्याची कुजबुज, रुसवेफुगवे, सगळं कनातीआडून ऐकत यांची हयात गेली होती. कुठल्या घरात कोण कुणाला काय म्हणालं ते रात्री टेंपोतून येताना एकमेकांना सांगून पोट धरून हसायचे. पण स्वतःच्या घराच्या भिंती उभ्या केल्या आणि त्या कापडाच्या आहेत हेच विसरले. मला विचाराल तर स्वतःचं घर झालं की माणसाचं हेच होतं.

स्वयंपाकघरात थोरली कपाळाला आठ्या घालून उभी होती. सकाळी कप विसळताना ती आणि आत्या दोघींचं ठरलं होतं की अंगण बेताचंच बरं, एक कपडे वाळवायची दोरी आणि चार कुंड्या. कारण अंगण पुरुषांनी ठरवलं तरी झाडायचं कुणी, हे दोघींना माहीत होतं. थोरल्याने खालच्या आवाजात सांगितलं की बाई, अंगण मोठं होणार ते होणारच, आप्पांच्या मनात आहे. आत्याच्या बाजूने नाही घेतलं तर ते स्वयंपाकघरातून घ्यावं लागेल. मग ओटा छोटा.

थोरली ओट्याच्या जागेकडे बघत राहिली. तिथे ओटा नव्हता, चुन्याची रेघ होती. पण त्या रेघेवर तिने सकाळपासून मनातल्या मनात भांडी मांडून ठेवली होती. आतापर्यंतच्या आयुष्यात तिने पोळी लाटताना कोपर भिंतीला लागलं नाही असा दिवस पाहिला नव्हता.

"पण आत्यांना आप्पांनी शब्द दिलाय," ती म्हणाली.

"शब्द खोलीचा दिलाय. केवढी ते कुठे सांगितलंय?"

थोरलीला यावर उत्तर सुचलं, पण ते दिलं तर ओटा हातचा गेला असता. तिने विचारलं की एवढं अंगण झाडणार कोण, आणि थोरल्याने झटकन सांगितलं की बाई लावू. बाई लागणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी ती म्हणाली की तुम्हीच सांगा त्यांना, मी नाही सांगणार. आपण आत्यांच्या विरुद्ध एक अक्षर बोललो नाही, एवढं समाधान तिला त्यातून मिळालं.

तेवढ्यात शेजारच्या पांढऱ्या खोलीतला धाकटीचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. धाकटी म्हणत होती की कुणी वाईट वाटून घेऊ नये, पण विचार व्यवहाराने करायला हवा. आत्यांचं वय झालंय. आज त्यांच्यासाठी अख्खी खोली बांधली तर त्या ती किती वर्षं वापरणार? धाकटा म्हणाला की आणखी दहा वर्षं धर. धाकटी म्हणाली, धरली. त्यानंतर ती खोली आपल्याला मिळेलच अशी खात्री आहे का? थोरले आधी टपून बसतील. त्यापेक्षा खोलीच नको. बैठकीत एक कोपरा द्यावा, मध्ये पडदा, आणि अंगण मोठं घ्यावं. अंगण तरी सगळ्यांचं राहील.

थोरलीने नवऱ्याकडे पाहून तोंडावर हात ठेवला. केवढ्या खालच्या थराला जातात माणसं, असं तिच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. आत्ताच आपलंही तिकडे असंच ऐकू गेलं असेल, हे तिच्या मनाला शिवलं नाही. पलीकडे धाकटीही नवऱ्याला तेच खुणावत होती. ऐकू येतं ते दुसऱ्यांचं, आपलं नाही, अशी प्रत्येकाची समजूत होती.

निळ्या खोलीत मशीनचं चाक फिरायचं थांबलं होतं. आत्या गुडघे जवळ घेऊन बसली होती, कारण ट्रंक आणि मशीनच्या मध्ये तेवढीच जागा उरली होती. दहा वर्षं धर, धरली. तिला हसू आलं. पोरांचं तिला फारसं लागलं नाही. दोघांची दुपटी तिने शिवली होती, ते जन्मतःच दुसऱ्याच्या मांडीवर पसरणारे होते. थोरलीचं थोडं लागलं. कप विसळून अजून वाळले नसतील, असं तिच्या मनात आलं. पण दादा आहे, ती स्वतःला म्हणाली. दादाने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय.

तेवढ्यात थोरला स्वयंपाकघरातून निघाला आणि लाल-पिवळ्या बैठकीत आला. आप्पा तिथे आपल्या होणाऱ्या कॉटच्या जागी खुर्चीवर बसले होते. थोरल्याने सगळं मांडलं, अंगण, टेंपो, झोपाळा, बैठकीतला कोपरा. बैठकीची आणि आत्याच्या खोलीची कनात एकच होती. आप्पांची पाठ त्या कापडाला जवळजवळ टेकली होती आणि पलीकडून आत्याची.

"मग आत्याला विचारू का?" थोरला म्हणाला.

आप्पांच्या डोळ्यांपुढे अंगण होतं आणि त्यात तो मोठा मंडप. मोठा मंडप आणि लहान बहीण यातून निवडायचं आहे, असं त्यांना कुणी सरळ विचारलं असतं तर त्यांनी त्याला काठीने मारलं असतं. पण तसं कुणी विचारलं नव्हतं.

"विचारू नका," ते म्हणाले. "सांगून टाका. ती आजवर कधी नाही म्हणालीय?"

आत्याला राग आला. इतका राग तिला गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता, त्यामुळे आधी तिला ते ओळखूच आलं नाही, ऊन लागलं असावं असं वाटलं. मग कळलं. हा माणूस मला ओळखतो आणि ओळखून हे म्हणतोय. बाकीच्यांना अक्कल नाही, याला आहे. हातातली सुई बोटात गेली. तिने बोट तोंडात धरलं आणि कनातीपलीकडची खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकत बसून राहिली.

यानंतर सगळे अंगणात जमले. सभा म्हणावी असं ते दृश्य होतं. आत्याला बाहेर बोलावून खुर्ची दिली, जी एरवी कुणी देत नसे, आणि त्यावरूनच कुणालाही कळलं असतं की काही खरं नाही. थोरल्याने बोलायला सुरुवात केली. अंगण हे आत्यासाठीच आहे, असं त्याने सांगितलं. माळ्यावर कोंदट हवेत तिचं आयुष्य गेलं, आता तिला मोकळी हवा मिळाली पाहिजे. धाकटा म्हणाला, झोपाळ्यात आधी आत्याच बसेल. धाकटीने सांगितलं की चार भिंतींत एकटीने राहणं या वयात बरं नाही, बैठकीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेलं बरं. रात्री काही झालं तर आप्पा समोरच असतील. पडदा तर आत्या स्वतःच शिवतील, आणि त्यांच्यासारखा पडदा बाहेर मिळणारसुद्धा नाही. थोरली खाली बघून पायाने चुन्याची रेघ पुसत होती आणि पुसली गेली हे लक्षात आल्यावर पुन्हा ओढत होती. आप्पा आपल्या काठीची मूठ निरखत होते.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "म्हणजे माझी खोली काढली की अंगण एवढं होतं?"

"तिथपर्यंत," थोरल्याने अभिमानाने हात करून दाखवलं.

"चांगलं आहे," आत्या म्हणाली. "मोठं आहे."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ती उठली, निळ्या खोलीपाशी गेली आणि कनातीच्या गाठी सोडायला लागली. बघा, तुम्ही म्हणालात तसंच झालं ना, अशा अर्थाने थोरल्याने बापाकडे पाहिलं. धाकट्याला तर भरून आलं. तो धावत गेला आणि म्हणाला, तू कशाला, मी घेतो. आत्याने त्याच्या खांद्यावर बांबू दिले आणि चल म्हणाली. तो तिच्या मागोमाग निघाला. अंगणाच्या मधोमध आल्यावर ती थांबली आणि म्हणाली, धर इथे उभा. त्याने बांबू उभा धरला. तिने हातोडा घेऊन खुंट ठोकला, दुसरा ठोकला, दोर ओढला. बांबू उभा कशासाठी धरला आहे हे धाकट्याला तिसऱ्या बांबूपर्यंत कळलं नाही. आप्पांना पहिल्याच खुंटाला कळलं, कारण काढायचं सामान कुणी एवढं खोल ठोकत नाही. ते काठी टेकून बघत राहिले.

बघता बघता खोली उभी राहिली. सकाळच्या मापाची नव्हे, जरा मोठी. उरलेलं अंगण तिच्या चारही बाजूंना बोळासारखं झालं. चौथा दोर बांधायला झाड नव्हतं, तर आत्याने तो टेंपोच्या बंपरला गुंडाळून पक्की गाठ मारली. मग तिने मशीन नेलं, ट्रंक नेली, स्टूल नेलं. सतरंजी पुन्हा पसरून अंथरली. धाकटी म्हणाली, आत्या, हे काय करताय, आत्ताच तर आपलं ठरलं. आत्या दारात उभी राहिली.

"मी सगळं ऐकलंय," ती म्हणाली. "कापड आहे ते. माझंच शिवलेलं आहे, त्यातून काय ऐकू येतं ते मला माहीत आहे. दहा वर्षं धरलीत ना, तेवढी मी इथे काढीन. अंगण सगळ्यांचं आहे म्हणालात. सगळ्यांत मी येते." मग भावाकडे बघून ती म्हणाली, "दादा, नाही."

एवढंच बोलून तिने पडदा खाली सोडला आणि आतून त्याच्या कडा एकमेकींना बांधून टाकल्या. गाठ मारल्याचा आवाजसुद्धा बाहेर ऐकू आला.

नंतर जे भांडण झालं ते फार पाहण्यासारखं होतं, कारण कुणी तोंडातून आवाज काढायला तयार नव्हतं. थोरल्याने डोळे वटारून धाकट्याला विचारलं की बांबू का धरलास. धाकट्याने दोन्ही हात पसरून मला काय माहीत असं सांगितलं. धाकटीने जावेकडे बोट केलं, थोरलीने ते बोट वाऱ्यावर उडवून लावलं आणि नवऱ्याकडे वळून चिमटीने ओट्याची लांबी दाखवली, त्या चिमटीत काय काय होतं ते नवऱ्यालाच समजलं. पांढऱ्या खोलीत जाऊन बोलावं तर ती कापडाची. स्वयंपाकघरात जावं तर तेही कापडाचं. थोरला टेंपोत जाऊन बसला आणि काच वर करून एकटाच काहीतरी बोलला. टेंपो हलवायची सोय नव्हती. हलवला असता तर खोली पडली असती, आणि खोली पडली तर ती कुणी पाडली हे वर्षानुवर्षं ऐकावं लागलं असतं, तेही कनातीशिवाय.

आप्पा कुणाच्याच बाजूने हातवारे करत नव्हते. ते कोपऱ्यातल्या एका बांबूपाशी गेले. घाईत तो जरा तिरका लागला होता. त्यांनी खाली बसून खुंट सरळ केला, दोर ताणून घेतला. काम करताना त्यांना दिसलं की अंगणाच्या मधोमध उभ्या असलेल्या या खोलीने त्यांच्या मनातल्या मंडपाचीच जागा घेतली आहे. जागा बरोबर घेतली आहे, असं त्यांच्यातल्या मंडपवाल्याला वाटलं, आणि मग त्यांना स्वतःची लाज वाटली. तिची झोपायची जागा ते हंगामात भाड्याने देत आले होते. आजही तेच करायला निघाले होते, फक्त गिऱ्हाईक स्वतः होते.

फोन वाजला. बिल्डर होता. आवाजात तीच साखर. काय आप्पा, ठरलं का, अंगण केवढं धरू?

सगळे आप्पांकडे बघत होते. थोरल्याने टेंपोची काच खाली केली.

"बहिणीला विचारून सांगतो," आप्पा म्हणाले. "फोन ठेवू नका."

ते निळ्या खोलीपुढे गेले. वाजवायला दार नव्हतं, म्हणून ते खाकरले. आतून मशीन चालू असल्याचा आवाज येत होता. ते पुन्हा खाकरले.

"अगं, येऊ का आत?"

"थांब."

आप्पा थांबले. माळ्यावर जाताना त्यांनी कधी खालून हाक दिल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. आता ते भर उन्हात, फोन कानाला धरून, एका कापडासमोर उभे होते, आणि मागे त्यांचा अख्खा गोतावळा उभा होता. फोनमधून बिल्डरचा हॅलो हॅलो ऐकू येत होता. मशीनचं चाक आपल्या गतीने फिरत राहिलं. मग दोरा तोडल्याचा आवाज आला, आणि डोक्याच्या उंचीवरच्या चौकोनी चिरेतून आत्याचा चेहरा दिसला. खिडकीची कड नीट शिवून झाली होती.

"काय विचारतोय तो?"

"अंगण केवढं धरायचं."

"त्याला सांग, माझी खोली बारा बाय बारा. खिडकी बाहेर उघडणारी. कडी आतून. थोरलीला ओटा तिला हवा तेवढा, अंगण झाडायचं तिलाच आहे. धाकट्यांना काय हवं ते त्यांना विचार, माझ्या मागे नको, आत्ताच." ती थांबली. "लिहून घेतोय का तो?"

आप्पांनी फोनमध्ये एकेक सांगितलं. बिल्डर हो हो म्हणत गेला, पण त्याच्या आवाजातली साखर कमी कमी होत गेली. शेवटी त्याने विचारलं की ते सगळं ठीक आहे, पण अंगण?

आप्पांनी खिडकीकडे पाहिलं. "अंगण?"

"उरेल ते," आत्या म्हणाली.

"उरेल ते," आप्पा फोनमध्ये म्हणाले. पलीकडून बिल्डर म्हणाला की असं कसं, काहीतरी माप सांगा. आप्पांनी त्याला सांगितलं की घर आधी बसवा, मग या आणि तुम्हीच मोजा, आणि फोन बंद केला.

थोरला टेंपोतून उतरला. त्याने बंपरची गाठ बघितली, सोडायला हात पुढे केला आणि मागे घेतला. थोरली चहा टाकायला आत गेली, म्हणजे खऱ्या घरात गेली, आणि जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारून गेली की आत्या, तुम्हाला कपात देऊ की ग्लासात. बाकीचे हळूहळू तिच्यामागे पांगले. आप्पा तेवढे खिडकीपाशी राहिले.

"आता येऊ?" त्यांनी विचारलं.

आत्या खिडकीतून बाजूला झाली. आतून गाठ सोडायला ती वेळ लावत होती, आणि आप्पा काठीवर भार देऊन दाराशी उभे होते.